खिशात मावेल, खांद्याला जाणवणार नाही असा कॅमेरा: परिक्रमेसाठी कोणता घेऊ?

पायवाट | रविवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलायची, तीही पायी, असं मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंनी ठरवलं आहे. तयारी म्हणून दर रविवारी सिंहगड चालू आहे. (अवांतर: सिंहगडाची उंची 1312 मीटर आणि नर्मदामैयाची लांबी 1312 किलोमीटर. हे कळल्यापासून जाऊबाई आतकरवाडीतून चढताना मध्येच 'बडवानी आली हो' असं जाहीर करतात.)

प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. घरी डीएसएलआर आहे, बारा वर्षं वापरतेय, जीव आहे त्याच्यावर. काल बॉडी, दोन लेन्स, चार्जर, पिशवी असं सगळं आमच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं. 2 किलो 130 ग्रॅम. वाणी म्हणाला, 'वहिनी, यापेक्षा तांदूळ न्या, शिजवून खाता तरी येईल.' सॅक पाण्यासकट सात किलोच्या वर जाऊ द्यायची नाही असं आमचं ठरलंय. शिवाय माझं वय 57, उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. आता बरा आहे, पण पाऊस आला की अजून बोलतो.

मला काय हवंय ते सांगते. पक्षी नकोत, वाघ तर नकोच. घाट, पहाटेचं पाणी, चुली, सदावर्त देणाऱ्या बायकांचे हात, आश्रमात साठच्या बल्बखाली बसलेली माणसं. म्हणजे उजेड कमी असणार. झूम थोडा असला तरी चालेल. व्हिडिओ करायचे नाहीत. बजेट साठ हजार, फार तर सत्तर. जुना घ्यायलाही हरकत नाही, पण फसायची भीती वाटते.

हिंजवडी_फेज_तीन | रविवार, रात्री 10:05

ताई, 2 किलो सोडा आणि 300 ग्रॅमही सोडा. खिशातल्या फोनचं वजन तुम्ही आधीच उचलताय. आजचे चांगले फोन अंधारात एकापाठोपाठ एक पाच-दहा फ्रेम घेऊन त्या एकावर एक बसवतात. तुमच्या बारा वर्षांच्या डीएसएलआरला हे हातात धरून जमणार नाही. त्याच सत्तर हजारांत फोन बदला, कॅमेऱ्याचा विषयच संपला.

पायवाट | रविवार, रात्री 10:31

तुमचं म्हणणं चूक नाही. पण फोन दिवसभर बंद ठेवायचा आणि संध्याकाळी दहा मिनिटं घरी बोलण्यापुरता उघडायचा, असा आम्ही दोघींनी नियम केलाय. फोटोसाठी फोन काढला की मागोमाग सोसायटीचा ग्रुप येतो, पाण्याच्या टँकरवरून भांडण येतं आणि मग मी नर्मदेकाठी नसतेच, कोथरूडला असते.

निवांत_पेठकर | रविवार, रात्री 10:50

टँकरचं भांडण परिक्रमेहून परत आल्यावरही तसंच सापडेल. घाई नको.

आयएसओ6400 | रविवार, रात्री 11:58

हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी सेन्सर (लेन्समागची उजेड टिपणारी चिप), कारण कमी उजेडाचा सगळा खेळ तिथेच आहे. जुन्या स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये साधारण 6.2 × 4.6 मिमीचा सेन्सर असायचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या पुढची पायरी 'एक इंची' म्हणून विकली जाते. त्या सेन्सरची कुठलीही बाजू एक इंच नाही, कर्णसुद्धा जेमतेम 16 मिमी. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांवरून आलं. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला की आत चित्र उमटायची जागा एवढीच राहायची. नळ्या गेल्या, नाव चिकटून राहिलं. खरं माप 13.2 × 8.8 मिमी. तरी करंगळीच्या नखाच्या चौपट क्षेत्रफळ, आणि बऱ्याच चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षाही मोठं. तुमच्या डीएसएलआरचा (एपीएस-सी असावा) एक इंचीच्या तिप्पट.

आता उमेदवार.

रिको जीआर 3: 2019 चा, 257 ग्रॅम, आणि सेन्सर चक्क एपीएस-सी. म्हणजे तुमच्या डीएसएलआरएवढाच सेन्सर, पण शर्टाच्या खिशात. झूम अजिबात नाही, एकच 28 मिमीची नजर (हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद). माणसांच्या जवळ जायचं असेल तर जीआर 3एक्स घ्या, तो 40 मिमीचा आहे. मी स्वतः जीआरवर फिदा आहे. बॅटरी मात्र कागदोपत्री 200 फोटोंची.

सोनी आरएक्स100: एक इंची सेन्सर आणि झूम. 2012 पासून सात आवृत्त्या आल्या. तिसरी (2014, 290 ग्रॅम) 24 ते 70 मिमी आणि एफ/1.8 ने सुरू होते (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). सहावी आणि सातवी 24 ते 200, पण एफ/2.8 ने सुरू होतात. लोक म्हणतात सातवी सगळ्यात भारी. तुमच्या साठच्या बल्बखाली 24 मिमीला तिसरी सातव्यापेक्षा जवळपास अडीचपट उजेड आत घेते. त्यामुळे नवीन ते चांगलं हे इथे लागू नाही. सातवी तशीही तुमच्या बजेटच्या बरीच वर आहे.

कॅनन जी7 एक्स मार्क 3: तोच एक इंची वर्ग, 24 ते 100, एफ/1.8, 304 ग्रॅम. उत्तम आहे, पण सध्या रील करणाऱ्या पोरांनी त्याची किंमत कुठल्या कुठे नेली आहे.

फुजी एक्स100 च्या नव्या आवृत्त्या मला देवघरात ठेवाव्याशा वाटतात. पण सहावीचं वजन 521 ग्रॅम आणि किंमत देवाच्या दागिन्यांएवढी. विचारसुद्धा करू नका.

माझं मत: जीआर 3एक्स मिळाला तर डोळे मिटून घ्या.

भिगवणचा_बगळा | सोमवार, सकाळी 7:15

आयएसओराव, सगळं लिहिलंत, धूळ विसरलात.

माझ्याकडे एक खिशातला झूमवाला कॅमेरा होता. कंपनी सांगत नाही, कारण तत्त्व सगळ्यांचं सारखंच. लेन्सची नळी बाहेर येते तेव्हा आत हवा ओढली जाते, पिचकारीसारखी, आणि हवेबरोबर धूळही. एका वर्षी पाऊस लांबला होता आणि मी माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढत होतो. दिवसभर कॅमेरा काढला, घातला, काढला, घातला. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात, आभाळात, एकाच जागी राखाडी ठिपका. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्याला लेन्स काढून फुंकणी मारता येते. इथे सेन्सर डबाबंद, अख्खा लेन्सचा भाग उघडावा लागतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी कॅमेरा परत घरी आणला. अजून आहे. ठिपक्यासकट.

जीआरची लेन्सही बाहेर येतेच, आणि धुळीपाण्यासाठी तो सीलबंद नाही. चार महिने नदीकाठच्या पायवाटा म्हटल्यावर मी ताईंना ओएम सिस्टमचा टीजी-7 (पूर्वीचा ऑलिंपस टफ) सुचवेन. लेन्स बाहेर येतच नाही. 15 मीटर पाण्याखाली चालतो, धूळ आत जात नाही, वजन 250 ग्रॅमच्या आत. कासला मी हाच नेतो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब एक सेंटीमीटरवरून टिपतो, तिथे तुमचे मोठे सेन्सर हात टेकतात.

आयएसओ6400 | सोमवार, सकाळी 7:40

आणि साठच्या बल्बखाली टीजी हात टेकतो. त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाचाच. फोन परवडला.

भिगवणचा_बगळा | सोमवार, सकाळी 7:42

फोन नर्मदेत पडला की मग बोलू.

मौनी | सोमवार, सकाळी 9:10

परिक्रमेला कॅमेरा कशाला, हा प्रश्न कोणी विचारणारच नाही का? लोक अनवाणी, एका झोळीवर जातात. मैयाकाठी जाऊनही काचेतूनच बघायचं तर इथे मुठेकाठी काय वाईट आहे?

निवांत_पेठकर | सोमवार, सकाळी 9:30

मुठेकाठी नाक धरायला एक हात लागतो. कॅमेरा एकाच हाताने धरावा लागेल.

रेवातीर | सोमवार, दुपारी 1:20

मौनी, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी परिक्रमा पूर्ण केली आहे, एक छोटा कॅमेरा घेऊन. निघताना मलाही असंच वाटत होतं. झालं असं की तिसऱ्याच दिवशी एका आजीबाईंनी भाकरी वाढली आणि स्वतःच म्हणाल्या, 'मेरा फोटू निकालो, मेरे पास मेरा एक भी नहीं है.' मी काढला, वहीत नाव-गाव-पोस्ट लिहून घेतलं. पुढे तसे बरेच झाले. परत आल्यावर सगळ्यांचे प्रिंट काढून पोस्टाने पाठवले. काही परत आले, काहींची पत्रं आली. कोणी 'नको' म्हटलं तर कॅमेरा खाली. स्नानाच्या घाटावर तर बाहेर काढायचाच नाही, हे सांगायला नको.

आता पायवाटताई, तुमच्यासाठी व्यवहाराचं.

चार्जिंग: बहुतेक आश्रमांत एक बोर्ड आणि त्याभोवती वीस परिक्रमावासी. वेगळा चार्जर, त्याचा भला मोठा प्लग, हे प्रकरण घेऊ नका. केबलने कॅमेऱ्यातच बॅटरी चार्ज होईल असा कॅमेरा घ्या आणि एक पॉवर बँक. जर केबल वेगळी लागत असेल तर दोन न्या, एक हमखास विसरते. मी मंडलेश्वरला विसरलो होतो. आणि जी7 एक्स मार्क 3 चा विचार असेल तर त्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचं चार्जिंग लागतं, साध्या चार्जरने भागत नाही.

मीठ: समुद्राशी मैया ओलांडायला विमलेश्वरहून मिठीतलाईला नावेने जावं लागतं. खारे तुषार अंगावर येतात. तेवढा वेळ कॅमेरा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून सॅकच्या मध्यभागी.

उजेड: हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला. ओंकारेश्वरहून निघालात की तुम्ही दक्षिण तटावरून पश्चिमेला जाणार, म्हणजे नदी तुमच्या उत्तरेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारी तो तुमच्या पाठीशी आणि नदीच्या तोंडावर. पाणी निळं दिसतं, फोटो आपोआप चांगले येतात, आपल्याला वाटतं आपल्याला फोटोग्राफी येते. समुद्राकडून उत्तर तटावर वळलात की सगळं उलटं. आता नदी दक्षिणेला, सूर्य नेमका तिच्यावर, पाणी पाऱ्यासारखं चमकतं आणि माणसं काळी येतात. अमरकंटकपर्यंत असंच. तिथे स्क्रीनवर उन्हात काही दिसत नाही, अंदाजाने फोटो काढावे लागतात. माझे अर्धे तिथेच वाया गेले.

पायवाट | सोमवार, दुपारी 3:02

रेवातीर, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. प्रिंट पाठवायची कल्पना तर आम्हा दोघींना फारच आवडली. जाऊबाईंनी लगेच वही आणलीसुद्धा.

स्क्रीन दिसत नाही यावरून आठवलं. आज सकाळी आयएसओरावांचं ऐकून एका ओळखीच्यांचा जीआर पाहायला गेले. हातात घेतल्यावर खरंच प्रेमात पडावं असा. पण वेताळ टेकडीवर नेला तर मला स्क्रीनवर काय आहे ते कळेचना. चष्मा लावला, काढला, हात लांब केला. शेवटी अंदाजाने काढले.

उन्हाळी_आंबा | सोमवार, दुपारी 3:25

ताई, एक विचारू? चाळिशीचा चष्मा आहे ना? जवळचं वाचायला लागतो तो?

पायवाट | सोमवार, दुपारी 3:30

हो. दोनचा नंबर. चालताना लावत नाही, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

उन्हाळी_आंबा | सोमवार, दुपारी 4:10

मग इथल्या पुरुषमंडळींनी काल रात्रीपासून सेन्सरवर वाद घातला तो बाजूला ठेवा. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, रोज हीच तक्रार ऐकते. तुमचा प्रश्न सेन्सरचा नाही, व्ह्यूफाइंडरचा आहे.

तुम्ही बारा वर्षं डीएसएलआर डोळ्याला लावून फोटो काढलेत. त्यात एक छोटं चाक असतं, ते फिरवून तुम्ही कधीतरी नंबर जुळवून घेतला असणार आणि विसरून गेला असणार. म्हणून चष्म्याशिवाय सगळं स्वच्छ दिसत होतं. फोन, जीआर, जी7 एक्स, टीजी या सगळ्यांत नुसता मागचा स्क्रीन. तो बघायला हात वीतभर अंतरावर धरायचा, चष्मा लावायचा, वरून ऊन. शिवाय हात लांब केला की तो हलतो. डोळ्याला लावलेला कॅमेरा कपाळ आणि दोन कोपरांवर टेकतो, आणि तुमच्या खांद्यालाही तेच सोयीचं पडेल.

तेव्हा शोध एकच ठेवा: 300 ग्रॅमच्या आसपास, डोळ्याला लावायची खिडकी असलेला, आणि त्या खिडकीला नंबर जुळवायची सोय असलेला.

आयएसओ6400 | सोमवार, दुपारी 4:31

(टोपी काढली.) मी 34 वर्षांचा आहे, हे मला सुचणं शक्यच नव्हतं.

मग यादी एकदम लहान होते. आरएक्स100 ची तिसरी आवृत्ती आणि तिच्या पुढच्या सगळ्या: कोपऱ्यातून खिडकी वर उडते, तिला नंबरची दांडी आहे. पॅनासॉनिक ल्युमिक्स टीझेड100 (2016): एक इंची सेन्सर, 25 ते 250 मिमी, 312 ग्रॅम, खिडकी कायमची बसवलेली. पण ती खिडकी बारीक आहे आणि लेन्स एफ/2.8 ने सुरू होऊन झूमबरोबर भराभर अंधारते. झूम नको म्हणताय, तर मी आरएक्स100 मार्क 3 म्हणेन. जुना. केबलने कॅमेऱ्यातच चार्ज होतो, रेवातीर यांची अटही पुरी. बॅटरी कागदोपत्री 320 फोटो. आणि त्यात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) आतच आहे. भेडाघाटचा धुवांधार दिवसाउजेडी दुधासारखा वाहता दाखवायचा असेल तर काचेचा फिल्टर न्यायला नको. गंमत म्हणजे महागड्या सातव्यात तो नाही.

तक्रारी दोन. खिडकी खटक्याने वर येते, पण तिचा डोळा नंतर बोटाने बाहेर ओढावा लागतो. आणि खिडकी खाली दाबली की कॅमेराच बंद होतो, सुरुवातीला वैताग येईल.

कॉफी_दे | सोमवार, रात्री 8:15

नवीन विचारू नका, नवीन मिळणार नाही. ज्यांना वाटतं जुने कॅमेरे स्वस्तात मिळतील त्यांच्यासाठी: 2010 साली जगात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 साली वीस लाखही नाहीत. फोनने धंदा खाल्ला, कंपन्यांनी बहुतेक मॉडेलं बंद केली, आणि आता कॉलेजच्या पोरांना तेच हवेत. त्यामुळे जुन्याचेही भाव चढलेत.

पायवाट | बुधवार, रात्री 9:20

आज तपकीर गल्ली आणि लक्ष्मी रोड असा फेरफटका मारून आले. पासोड्या विठोबापासून सुरुवात केली. पहिल्या दुकानात मुलगा म्हणाला, 'कॉम्पॅक्ट? काकू, मोबाईल घ्या ना.' दुसऱ्यात एक होता, पण डबाबंद. 'घेणार असाल तरच उघडतो.' घेणार आहे की नाही ते बघितल्याशिवाय कसं कळणार, तर म्हणे, 'यूट्यूबवर बघा.' तिसऱ्यात एका गृहस्थांनी काचेच्या कपाटातून आरएक्स100 काढला, भाव सांगितला, आणि बिल मागितल्यावर परत कपाटात ठेवला.

दरम्यान भाचा पुढच्या महिन्यात ओसाकाहून येतोय. तिथे जुन्या कॅमेऱ्यांची दुकानंच्या दुकानं आहेत आणि कॅमेरे नव्यासारखे असतात म्हणे. त्याला सांगू का?

आयएसओ6400 | बुधवार, रात्री 9:34

थांबा!! जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो. भाषा बदलायची सोयच नसते. रिकोला ही अडचण नाही, सोनीला आहे. भाच्याला सांगायचंच असेल तर 'मेनूत इंग्रजी दिसली तरच घे' असं सांगा.

निवांत_पेठकर | बुधवार, रात्री 9:50

परिक्रमेत वेळ भरपूर असतो. जपानी शिकता येईल.

बारा_गावचं_पाणी | गुरुवार, सकाळी 8:05

माझ्याकडे मार्क 3 आहे. तीन वर्षं कपाटात पडून आहे, मुलगी झाल्यापासून फोनवरच काढतो. विकायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण ताईंनी आठवडाभर नेऊन वापरून बघावा. मी कर्वेनगरला असतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.

भिगवणचा_बगळा | गुरुवार, सकाळी 8:40

ताई, नेलात की पुढचं करा, मित्राचा असला तरी. झूम पूर्ण लांब करा, एफ/11 ला न्या (याच्या पुढे हा जातच नाही) आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. धूळ असेल तर ठिपके दिसतील. मोठ्या छिद्रावर काढलात तर लपतील आणि विकणारा तोच फोटो दाखवेल. मग लेन्समध्ये समोरून टॉर्च मारून बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात तीन वर्षं बंद कपाटात म्हणजे मला शंका आहेच. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली आहे. झूम वीसदा आत-बाहेर करा, मध्ये कुठे अडखळतो का, कुरकुरतो का ऐका.

बारा_गावचं_पाणी | गुरुवार, सकाळी 9:00

कपाटात होता म्हणजे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसकट होता हो. दर दसऱ्याला दाणे निळे आहेत का बघतो, गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत ठेवतो. बायको म्हणते, एवढी काळजी सासूबाईंच्या लोणच्याचीही घेत नाहीस.

पायवाट | त्यापुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री 10:15

आठवडा झाला, अहवाल देते.

सोमवारी पाताळेश्वर. मुद्दाम, कारण आत बल्बपेक्षाही कमी उजेड. नंदीच्या गोल मंडपातून आत गेलं की डोळ्यांना मिनिटभर काही दिसत नाही. खिडकी वर उडवली, नंबरची दांडी सरकवली, आणि एकदम खांबांवरच्या छिन्नीच्या खुणा दिसायला लागल्या. मला तिथे क्षणभर रडू आलं. कॅमेऱ्यामुळे नव्हे. दोन वर्षं मी फोटो काढणं कमी केलं होतं आणि कारण खांदा आहे असं समजत होते. खांदा होताच, पण डोळे जास्त होते. उन्हाळी_आंबा, तुम्हाला घरी जेवायला यावं लागेल.

एफ/1.8, 24 मिमी, कोपरं पोटाशी. पाचातले तीन स्थिर आले. उरलेले दोन माझ्या हाताचे, कॅमेऱ्याचे नव्हेत.

बुधवारी मंडई, सकाळी साडेसहा. कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मोठा कॅमेरा काढला की 'ताई, कुठल्या पेपरातून?' असं विचारतात, इथे एका मावशींनी फक्त 'बाजूला व्हा, गिऱ्हाईक आलंय' म्हटलं.

आज सिंहगड. बाजूच्या चेनवाल्या खिशात ठेवला होता. चढताना आहे की नाही ते दोनदा चाचपून बघितलं. देवटाक्यापाशी उजेडाविरुद्ध जाऊबाईंचे फोटो काढले, रेवातीर यांच्या उत्तर तटाचा सराव म्हणून. एक्सपोजर एकने वर नेलं की चेहरा दिसतो, मागचं आभाळ जातं. चेहरा हवा की आभाळ, ते दरवेळी तिथेच ठरवावं लागणार.

न आवडलेलं: अंग फार गुळगुळीत, घामेजल्या हातातून निसटतो. खिडकी खाली दाबली की बंद होतो, त्यात तीन फोटो हुकले. आणि आभाळाच्या परीक्षेत वर डावीकडे एक अगदी फिकट ठिपका दिसला. बगळेबुवा, तुमचा अंदाज पूर्ण चुकला नाही.

बारा_गावचं_पाणी | रविवार, रात्री 10:40

ठिपका माझ्या लक्षात आला नव्हता, खरंच. त्याचे पैसे कमी करा आणि ठेवून घ्या. मूळ बिल आहे, दोन बॅटऱ्या आहेत, त्यातली एक कधी वापरलेलीच नाही. अट एक: वहीत लिहिलेल्या पत्त्यांवर प्रिंट पाठवाल तेव्हा एक मलाही.

आयएसओ6400 | रविवार, रात्री 10:52

गुळगुळीतपणावर उपाय: सायकलच्या हँडलला गुंडाळायची पट्टी मिळते ना, तिचा बोटभर तुकडा पुढच्या बाजूला दुपदरी टेपने चिकटवा. कंपनीची पकड विकत मिळते, पण तिच्या किमतीत सायकलची दोन्ही हँडलं गुंडाळून होतील.

आणि कार्ड एकच मोठं नेऊ नका, छोटी तीन-चार न्या. भरलेलं कार्ड सॅकमध्ये वेगळ्या कप्प्यात. एक हरवलं तर महिना जाईल, परिक्रमा जाणार नाही.

मौनी | सोमवार, सकाळी 6:30

तरी मी म्हणतो तो एक दिवस ठेवा. दर अमावस्येला कॅमेरा सॅकमध्येच.

पायवाट | सोमवार, सकाळी 7:05

ठेवला. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

पायवाट | शनिवार, संध्याकाळी 6:45

घेतला! वाण्याच्या काट्यावर पुन्हा ठेवला: कॅमेरा, दोन बॅटऱ्या, चार कार्डं, दोन केबली, कापडी पिशवी. 418 ग्रॅम. वाणी म्हणाला, 'आता उरलेल्या पावणेदोन किलोचे तांदूळ देऊ?'

मनगटाचा पट्टा सोबतचा फार जाड होता, म्हणून त्याऐवजी काळा करगोटा दुहेरी करून बांधलाय. मस्त बसतो, वजन शून्य. फक्त काल पावसात भिजला आणि मनगटावर काळा रंग उतरला. पक्क्या रंगाचा कुठे मिळेल?

उन्हाळी_आंबा | शनिवार, संध्याकाळी 7:10

तुळशीबागेत, राममंदिराच्या बाजूच्या गल्लीत बघा. आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. जेवायला कधी येऊ?